स्त्री अभ्यासात एम.ए. : विजापूर, पुणे की इग्नू? आणि प्रबंध आपल्या सीमाभागावर करायचा तर?

खानापूर_रोड (प्रश्न)

नमस्कार. बी.ए. झालंय (समाजशास्त्र, इतिहास, मराठी), बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ, ५८ टक्के. दहावीपर्यंत मराठी माध्यम. कन्नड बोलता येतं, वाचताना अडखळायला होतं. इंग्रजी वाचून समजतं, पण सलग चार पानं लिहायची म्हटली की घाम फुटतो. पुढं स्त्री अभ्यास घ्यायचा विचार पक्का आहे. विचारायचं ते असं :

एम.ए. कुठं करावं? परीक्षा कोणत्या भाषेत द्यावी लागेल? यावर कॉलेजात शिकवता येतं का, आणि ते कर्नाटकात की महाराष्ट्रात? शिकवणं सोडून दुसरं काय? आणि दुसऱ्या वर्षाचा प्रबंध बेळगाव, खानापूर, निपाणी याच पट्ट्यावर करायचाय, तर विषय कसा बेतावा?

"हा विषय घेऊन काय मिळणार" हे घरात रोज ऐकतेय, तेवढं सोडून बाकी सगळं सांगा.

---

टिळकवाडी_२

आधी जागा.

पहिला पर्याय विजापूरचं अक्कमहादेवी महिला विद्यापीठ. २००३ साली सुरू झालं, फक्त मुलींसाठी. स्त्री अभ्यास हा तिथं स्वतंत्र विभाग आहे, समाजशास्त्राच्या पोटातला एखादा पेपर नव्हे. बेळगावपासून सुमारे २०० किलोमीटर. कर्नाटकच्या पत्त्याचं आधार असेल तर 'शक्ती' योजनेत वायव्य परिवहनच्या साध्या आणि एक्स्प्रेस बसला तिकीट पडत नाही (राजहंस, एसी गाड्या त्यात धरलेल्या नाहीत). महिन्याला दोनदा घरी यायचं झालं तर हा हिशेब लहान नाही.

दुसरा पुणे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र आहे, १९८७ पासूनचं. अभ्यासक शर्मिला रेगे तिथल्याच होत्या. जात आणि लिंगभाव एकमेकांपासून सोडवून अभ्यासता येत नाहीत, हा या केंद्राच्या शिकवण्याचा कणा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी वर्गात गप्प बसू नये म्हणून काय करायचं, यावरही तिथं गांभीर्याने काम झालंय. फुले, मुक्ता साळवे, ताराबाई शिंदे मूळ मराठीत वाचता येणं तिथं कामाला येतं. इंग्रजी अनुवादातून वाचणाऱ्यापेक्षा तुम्ही दोन पावलं पुढं असाल. अडचण एकच, पुण्यात राहण्याचा खर्च.

मुंबईत टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आणि एसएनडीटी महिला विद्यापीठ. एसएनडीटीचं स्त्री अभ्यास संशोधन केंद्र १९७४ चं, नीरा देसाईंनी उभं केलेलं, देशातलं पहिलं. टिसचा प्रवेश सीयूईटी-पीजी या केंद्राच्या प्रवेशपरीक्षेतून होतो. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकलं की १ जातो, म्हणून अंदाजाने ठोकत बसू नका.

आणि इग्नू, म्हणजे घरी राहून शिकायचं मुक्त विद्यापीठ. तिथं दोन वेगळ्या एम.ए. आहेत आणि फॉर्म भरताना हमखास घोटाळा होतो. एक 'विमेन्स अँड जेंडर स्टडीज', दुसरी 'जेंडर अँड डेव्हलपमेंट स्टडीज'. पहिलीत सिद्धान्त, इतिहास, साहित्य जास्त. दुसरीत योजना, धोरण, अंदाजपत्रक. संशोधनाकडे जायचं असेल तर पहिली, संस्थेत काम करायचं असेल तर दुसरी. प्रवेश जानेवारी आणि जुलै असा दोनदा, किमान २ वर्षं, कमाल ४. स्वाध्यायांना ३० टक्के वजन, सत्रान्त परीक्षेला ७०. माध्यम इंग्रजी. आपल्या भागाला विजापूरचं प्रादेशिक केंद्र लागतं. स्वाध्याय वेळेत दिले नाहीत तर गुण लागत नाहीत आणि पेपर पास होऊनही निकाल 'अपूर्ण' म्हणून लोंबकळत राहतो. इग्नूत अडकलेल्यांतले बरेचसे इथंच अडकलेले असतात.

माझं मत : घर सोडता येत असेल तर पुणे. नसेल तर इग्नू, पण इंग्रजी लिहायचा सराव आजपासून. रोज एक पान. आधी मराठीत मुद्दे काढायचे, मग तेच इंग्रजीत सलग लिहायचं.

---

कोगनोळी_नाका

कागदपत्रांवर कोणी बोलत नाही आणि ऑगस्टात सगळे तिथंच रडतात, म्हणून तेवढंच लिहितो.

विद्यापीठ बदललं की मायग्रेशन (आधीचं विद्यापीठ सोडल्याचा दाखला) लागतं. चन्नम्मा विद्यापीठातून ते काढायला अंतिम गुणपत्रक हातात असावं लागतं, म्हणून निकालाच्या आठवड्यातच अर्ज टाका. महाराष्ट्रातलं विद्यापीठ वर 'पात्रता' मागतं, म्हणजे तुमची बाहेरच्या विद्यापीठाची पदवी त्यांना चालते याची त्यांचीच नोंद. प्रवेश तात्पुरता मिळतो आणि पात्रता झाली नाही तर पहिल्या सत्राचा निकाल अडतो.

जातीचा दाखला : कर्नाटकच्या मागास गटांचा २-ए, ३-बी दाखला महाराष्ट्रात आरक्षणाला चालत नाही. नेट (कॉलेजात शिकवायची पात्रता परीक्षा) आणि सीयूईटीसारख्या केंद्राच्या परीक्षांना ओबीसी म्हणजे केंद्राच्या यादीतला ओबीसी. राज्याच्या यादीत नाव आहे म्हणून केंद्राच्या यादीत असेलच असं नाही. तहसीलदारांकडून केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमिलेअर दाखला वेगळा काढावा लागतो.

महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या सवलतीबद्दल गैरसमज फार. महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाकडून जे व्यावसायिक अभ्यासक्रम भरतात (बी.एड., कायदा, इंजिनिअरिंग वगैरे), त्यात वादग्रस्त सीमाभागात राहणाऱ्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा उमेदवारी प्रकार आहे. विद्यापीठाच्या विभागातली एम.ए. त्या कक्षातून भरत नाही. तेव्हा खानापूरचा दाखला दाखवला की पुण्यात जागा, असं धरून चालू नका. त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात काय लिहिलंय तेच खरं.

शिष्यवृत्तीचंही तसंच. महाडीबीटीला महाराष्ट्राचा अधिवास लागतो. कर्नाटकचं एसएसपी पोर्टल वेगळं.

आता शिकवण्याचं. नेटमध्ये स्त्री अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे, क्रमांक ७४, 'जेंडर स्टडीज'ही त्यातच धरतात. पहिला पेपर ५० प्रश्न १०० गुण, दुसरा १०० प्रश्न २०० गुण, दोन्ही मिळून ३ तास, चुकीला गुण कापत नाहीत. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत, मराठीत नाही. एम.ए.ला खुल्या गटात ५५ टक्के हवेत, राखीव गटांना ५०. नेट पास झालं तर दोन्ही राज्यांत चालतं. राज्यांच्या पात्रता परीक्षा मात्र तशा नाहीत, के-सेट कर्नाटकातच आणि महाराष्ट्राची सेट महाराष्ट्रातच, १ जून २००२ नंतरच्या सगळ्या सेटना हा नियम आहे. सीमेवरच्या माणसानं सेटच्या मागं लागून दोन वर्षं घालवू नयेत, सरळ नेट.

---

अथणी_नाका

टिळकवाडीकरांनी विजापूर दोन ओळींत उरकलं आणि शेवटी त्याचं नावही घेतलं नाही. पटलं नाही बघा.

हे विद्यापीठ विजापूरजवळ तोरवीला, अथणी रस्त्यावरच आहे. अथणी, कागवाड, रायबाग इकडच्या मुलींना पुण्यापेक्षा ते कितीतरी सोयीचं. पण सोय हे खरं कारण नव्हे. प्रबंध सीमाभागावर करायचाय ना? मग तुमची निम्मी कागदपत्रं कन्नडमध्ये असणार. ग्रामपंचायतीचे ठराव, अंगणवाडीची रजिस्टरं, जमिनीचे उतारे, तालुका कचेरीतले अर्ज, सगळं कन्नड. पुण्यात दोन वर्षं काढून आलात तर सिद्धान्त पाठ असेल आणि उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागेल. विजापुरात वर्गातल्या चर्चेतूनच कन्नड पारिभाषिक शब्द कानावर पडतात. 'महिला अध्ययन', 'लिंगत्व' हे शब्द ओळखीचे झाले की सरकारी परिपत्रक परकं वाटत नाही.

आणि बाराव्या शतकातली अक्कमहादेवी कन्नडमधून वाचायची आणि जनाबाई मराठीतून, हे एकाच विद्यार्थिनीला जमणं दुसरीकडं कुठं होतं? आपल्या पट्ट्यातच होतं की.

कन्नड अडखळत वाचता म्हणता. रोज अर्धा तास, बसच्या पाट्या आणि वर्तमानपत्राचे मथळे. बोलता येतं म्हटल्यावर नुसती लिपीच अडते, ती महिन्याभरात सुटते.

---

पाटी_पेन्सिल

जागेचं झालं. विषय काय आहे ते कोणी सांगितलंच नाही, आणि पहिल्या सत्रात मुलं गळतात ती यामुळं.

'स्त्रियांवरचे अन्याय' असं या विषयाचं नाव नाही. १९७१ साली केंद्रानं स्त्रियांच्या स्थितीवर समिती नेमली, १९७४ साली तिचा अहवाल आला आणि त्यात दिसलं की स्वातंत्र्यानंतर पंचवीसेक वर्षांत बायकांचं कामातलं प्रमाण आणि लोकसंख्येतलं प्रमाण, दोन्ही घटलेलं आहे. विकास होतोय आणि बायका मागं पडताहेत, हे कसं? या प्रश्नातून इथला स्त्री अभ्यास उभा राहिला. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीनं विद्यापीठांत केंद्रं काढायला पैसे दिले. म्हणून पहिल्या दिवसापासून लागतं ते दोन गोष्टींचं कसब : आकडा कसा तयार झाला ते विचारणं, आणि घरातली रोजची गोष्ट पुराव्यासारखी वाचणं.

आकड्याचं उदाहरण घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकात नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगणाऱ्या विवाहितांचं प्रमाण चौथ्या फेरीत (२०१५-१६) २०.६ टक्के होतं, पाचव्या फेरीत (२०१९-२१) ४४.४ टक्के झालं. उत्साही विद्यार्थी लिहून मोकळा होतो, "हिंसा दुप्पट झाली." परीक्षक तिथंच लाल रेघ मारतो. वाढली ती सांगणाऱ्यांची संख्या. हिंसा वाढली, की सांगायचं धाडस वाढलं, की प्रश्न विचारणाऱ्या बाईचं प्रशिक्षण बदललं, हे आकडा सांगत नाही. शिवाय हे प्रश्न सगळ्या घरांत विचारतच नाहीत. नमुन्यातल्या साधारण १५ टक्के घरांत, आणि घरटी एकाच बाईला, तेही एकांत मिळाला तर. म्हणून हा आकडा जिल्ह्याच्या पत्रकात मिळत नाही. "बेळगाव जिल्ह्यातलं कौटुंबिक हिंसेचं प्रमाण" असा तक्ता कुठं दिसला तर तो आला कुठून ते आधी विचारा.

दुसरं उदाहरण, २०१९ ची वेळेच्या वापराची पाहणी. बिनपगारी घरकामाला बायका दिवसाला २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७. सगळे हेच लिहितात. पण ही सरासरी फक्त 'त्या दिवशी घरकाम केलेल्यां'ची. घरकामाला हात लावणारे पुरुष होते २६.१ टक्के, बायका ८१.२ टक्के. सगळ्यांत वाटून काढलं तर पुरुषांची साधारण २५ मिनिटं होतात आणि बायकांची २४३. ९७ मिनिटं वाचून "एवढंही करतात की" असं वाटलेलं असतं, ते मग उरत नाही.

घरातली गोष्ट पुरावा म्हणून कशी वाचायची? ऊस लागण झाली की भांगलण बायकांची. तीच बाई दुसऱ्याच्या रानात गेली तर मजुरी मिळते, स्वतःच्या रानात 'घरची मदत' होते. काम तेच, खुरपं तेच, ऊनही तेच. फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यात तिच्या नावापुढं 'गृहिणी' लिहिणारा कारकून खोटं लिहीत नाही, तो फॉर्मच तसा आहे. तो रकाना कसा आणि कधी आला, हा अभ्यासाचा विषय.

'लिंग' आणि 'लिंगभाव' हे दोन शब्द पहिल्या आठवड्यात वेगळे करून घ्या. पुढं नव्वद टक्के चुका तिथून होतात. दाढी येणं हे लिंग; दाढी आलेल्यानं भाकरी थापली तर गल्ली हसते, हा लिंगभाव.

---

खानापूर_रोड

सगळ्यांचे आभार. कन्नड लिपीचं मनावर घेतलं. प्रबंधाला दोन विषय डोक्यात आहेत : सौंदत्तीच्या यल्लम्माच्या देवदासी, नाहीतर मुलींच्या नावावरची शेतजमीन. २०० जणींची प्रश्नावली करावी असं एका प्राध्यापकांनी सुचवलंय.

---

उतारा_बघणारा

२०० प्रश्नावल्या नकोत. एम.ए.च्या प्रबंधाला क्षेत्रकाम जास्तीत जास्त दोन-तीन महिने मिळतं. २०० फॉर्म भरून घेतलेत तर प्रत्येकीच्या दारात दहा मिनिटं मिळतील आणि दहा मिनिटांत कोणीही बाई जमिनीबद्दल "आमचं काय नाही बघा, भावाचंच सगळं" याच्या पलीकडं बोलत नाही. त्यापेक्षा एक गाव, ३० उतारे आणि १२ ते १५ सविस्तर मुलाखती.

जमिनीचा विषय आपल्या पट्ट्यात सोन्यासारखा आहे, कारण कायदा दोन्हीकडं जवळजवळ एकाच वेळी आला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हिस्सा, ही दुरुस्ती महाराष्ट्रात २२ जून १९९४ ला लागू झाली आणि कर्नाटकात ३० जुलै १९९४ ला. दोन्हीकडं त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. मग ९ सप्टेंबर २००५ ची केंद्राची दुरुस्ती, लग्न कधी झालं हा प्रश्नच मिटला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की २००५ साली वडील हयात असायची गरज नाही. म्हणजे कागदावर सगळं झालेलं आहे. उताऱ्यावर काय झालं ते बघायचंय.

कर्नाटकचा उतारा म्हणजे आरटीसी, पहणी. 'भूमी'च्या संगणकावर सर्व्हे नंबर टाकला की दिसतो. ९ नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव, १० मध्ये ते नाव कसं लागलं आणि फेरफाराचा एम.आर. नंबर, ११ मध्ये इतर हक्क आणि बोजा, १२ मध्ये प्रत्यक्ष कसणारा आणि पीक. चार रकाने, पण बाईची सगळी कथा त्यांत सापडते.

९ मध्ये बाईचं नाव दिसलं की लगेच आनंदून जाऊ नका. नावाच्या पुढं 'तंदे' आहे की 'गंड' ते वाचा. 'तंदे' म्हणजे बापाचं नाव, 'गंड' म्हणजे नवऱ्याचं. जुन्या नोंदीत 'कोम' मिळेल, तेही अमक्याची बायको या अर्थानं. 'गंड' लावून आलेली नावं बहुतेक विधवांची, म्हणजे सून म्हणून नवऱ्याच्या वारशानं आलेली. लेक म्हणून आलेली वेगळी मोजायची. पण इथं एक खड्डा आहे : लग्न झालेल्या लेकीचं नाव कधी कधी नवऱ्याच्या नावासकट चढवलेलं असतं. म्हणून १० मधला एम.आर. नंबर घेऊन फेरफार काढायचा आणि वारसा बापाचा की नवऱ्याचा ते तपासायचं. हे न करता ९ वरून टक्केवारी काढली तर अख्खा तक्ता चुकतो.

मग १२ वाचा. मालक बाई आणि कसणारा भाऊ, अशी जोडी वारंवार दिसेल. ११ मध्ये सोसायटीचं कर्ज कोणाच्या नावानं आहे तेही लिहून घ्या. बाईच्या नावावर जमीन आणि बाईच्या हातात जमीन यांत जे अंतर आहे ते याच दोन रकान्यांत मोजता येतं. कमाल धारणेच्या कायद्यातून जमीन वाचवायला घरातल्या बायकांची नावं लावण्याची पद्धतही होती, तेव्हा ७०च्या दशकातली नोंद दिसली तर जरा संशयानंच बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे हक्कसोड. कन्नडमध्ये 'हक्कु बिडुगडे'. वारसा लागतो, लेकींची नावं चढतात आणि काही दिवसांत सगळ्या बहिणींच्या सह्या. दोन नोंदींमधले दिवस मोजा. मुलाखतीत "हक्क का सोडला" असं विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं, "माहेर तुटायला नको." विचारा, सही करायला कुठं गेला होता, गाडी कोणी केली, जेवण कुठं झालं, साडी कधी आणली. हे विचारलं की बाई आपणहून सगळं सांगते.

तुलनेला महाराष्ट्रातल्या चंदगड किंवा कागलमधलं एक गाव घ्या, तिथं सातबारा आणि फेरफार मराठीत. एकीकडं दिलेली लेक आणि दुसरीकडून आणलेली सून अशी घरं शोधायला लागत नाहीत.

---

टिळकवाडी_२

देवदासींच्या विषयाबद्दल. विषय मोठा आहे, पण एम.ए.ला घेऊ नये असं माझं मत. कारणं नैतिकही आहेत आणि व्यवहाराचीही.

कर्नाटकानं देवदासी समर्पण प्रतिबंधक कायदा १९८२ साली केला. समर्पण हा गुन्हा आहे, त्यामुळं अलीकडचं समर्पण कोणी कबूल करणार नाही आणि तुम्ही तसा आग्रह धरणंही बरं नाही. मदतीच्या योजना सरकारी पाहणीच्या यादीवर चालतात, म्हणून नवीन माणूस वही घेऊन आला की बाईला वाटतं, यादीत नाव घालायला आला. तिची आशा आणि तुमचा प्रबंध यांची गल्लत होते. घटप्रभेच्या 'मास' या संघटनेनं माजी देवदासींमध्ये वर्षानुवर्षं काम केलंय, सीतव्वा जोडट्टींना २०१८ साली पद्मश्री मिळाली ती त्याच कामासाठी. अशा संघटनेमार्फत, त्यांच्या सवडीनं, त्यांना नको असलेले प्रश्न गाळून गेलात तर गोष्ट वेगळी. पौर्णिमेच्या जत्रेत डोंगरावर कॅमेरा घेऊन जाऊ नका.

नाव बदललं की ओळख लपली, हेही खरं नव्हे. दीड हजार वस्तीच्या गावात "४५ वर्षांची, शिवणकाम करणारी, एक मुलगा पोलिसात" एवढं लिहिलं की चहाच्या टपरीवरचा माणूसही नाव सांगेल. गावाचं नाव बदला, वय पाच-दहाच्या टप्प्यात द्या आणि विषयाला नको ते तपशील गाळा.

---

अथणी_नाका

त्यात एक भर. मुलाखतीत १८ वर्षांखालची मुलगी असेल तर "हे कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याच्या कलम १९ प्रमाणं असा अत्याचार कळला की कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, संशोधकालाही. संमतीपत्रात हे आधीच साध्या भाषेत लिहायचं, आणि संमतीपत्र मराठी व कन्नड दोन्हीत ठेवायचं.

बालविवाहावर कोणी काम करणार असेल तर सीमेचा फरक लक्षात घ्या. केंद्राचा २००६ चा कायदा बालविवाह मुळातून रद्द मानत नाही, लहानपणी लग्न झालेल्यानं तो रद्द करून मागायचा. कर्नाटकानं दुरुस्ती करून तो सुरुवातीपासूनच रद्दबातल ठरवलाय. म्हणजे तेच लग्न कुडचीत लागलं तर कायद्यानं झालेलंच नाही, मिरजेत लागलं तर रद्द करून घेईपर्यंत आहे. त्या मुलीच्या पोटगीचं काय, वारशाचं काय, यावर पानंच्या पानं लिहिता येतील.

अजून एक सोपा, हाताशी असलेला विषय : बायकांच्या खात्यात पैसे देणाऱ्या योजना, कर्नाटकची 'गृहलक्ष्मी' आणि महाराष्ट्राची 'लाडकी बहीण'. इकडं महिन्याला २००० रुपये, पण रेशनकार्डावरच्या कर्त्या बाईला. तिकडं १५००, वय २१ ते ६५ आणि कुटुंबाचं उत्पन्न २.५ लाखांच्या आत. कर्ती असायची अट नाही. निपाणीच्या एकत्र घरात पैसे सासूच्या खात्यात येतात, कागलात सुनेलाही अर्ज करता आला. रेशनकार्ड वेगळं करून मागणाऱ्या सुना वाढल्या का, एवढाच प्रश्न घेऊन अन्नपुरवठा खात्यात बसा.

---

पाटी_पेन्सिल

"शिकवणं सोडून दुसरं काय" हे राहिलंच. महिला आणि बालकल्याण खातं, हिंसा सोसलेल्या बायकांना मदत करणारी सखी केंद्रं, स्त्रीशक्ती आणि संजीविनीचे बचत गट, पंचायत राजचं प्रशिक्षण. कर्नाटकात सरकारी नोकरीला कन्नड येणं भागच. जाहिरातीत बऱ्याचदा 'एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) किंवा कायदा' असं असतं. स्त्री अभ्यास हीसुद्धा समाजविज्ञानातली पदव्युत्तर पदवी आहे असं विद्यापीठाचं पत्र सोबत ठेवा, खिडकीवरच्या माणसाला ते माहीत असतंच असं नाही.

दुसरं काम, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती. १० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती लागते, नाहीतर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. उद्यमबागेतल्या फौंड्र्यांपासून शाळा, दवाखाने, पतसंस्थांपर्यंत सगळे यात येतात. समितीत एक सदस्य बाहेरची लागते, विषय कळणारी. तक्रार ३ महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत, त्यानंतर १० दिवसांत अहवाल. हे टप्पे ज्याला पाठ आहेत आणि चौकशीचं टिपण नीट लिहिता येतं असा माणूस सहज मिळत नाही. मात्र पोटापाण्याचा भरवसा यावर ठेवू नका. नियमात बाहेरच्या सदस्याचा भत्ता दिवसाला २०० रुपये आणि प्रवासखर्च एवढाच आहे. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं मानधन वेगळं ठरवून घेतात, ते जरा बरं असतं.

---

खानापूर_रोड

जमिनीचाच विषय घेते. ध्वनिमुद्रण करावं की लिहूनच घ्यावं?

---

उतारा_बघणारा

विचारून करा. एक तासाचं मुद्रण शब्दशः उतरवायला पाच-सहा तास लागतात. मराठी-कन्नड मिसळून बोललं असेल तर आठ धरा. म्हणजे १५ मुलाखती झाल्या की नुसत्या उतरवायला महिना जातो, तेवढा वेळ आधीच बाजूला काढा. त्याच रात्री उतरवायला बसा. चार दिवसांनी ऐकलं की "ते तिकडचं" म्हणजे कुठलं ते कळत नाही. आणि बाई कन्नड शब्द वापरेल तिथं तो तसाच लिहा, मराठी करू नका. 'पालु' म्हणाली तर 'पालु'च लिहायचं, हिस्सा नव्हे. मुद्रण बंद केल्यावर चहा होतो, तेव्हा जे बोलणं निघतं ते वापरायचं असेल तर पुन्हा विचारा.